ठेका कोणाच्या खोलीत वाजावा?

प्रश्न : मी रत्नागिरीत गेली १९ वर्षे शास्त्रीय गायनाचे वर्ग घेत आहे. पतींच्या निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला स्थायिक होत असल्यामुळे २२ पैकी १४ विद्यार्थ्यांना, आणि नुकत्याच न्यू जर्सीला गेलेल्या एका विद्यार्थिनीला, ऑनलाइन शिकवायचे ठरवले आहे. दोन आठवडे प्रयोग करून पाहिला. माझा तानपुरा मुलांना ऐकू जात नाही, मुले ताल सोडून गातात आणि मी सोबत गाऊ लागले की दोघांचाही आवाज तुटतो. मुलांचा ताल खरोखर बिघडला आहे का? अगदी लहान मुलांना असे शिकवावे का? शुल्क कमी करावे, असे काही पालकांचे म्हणणे आहे. ते मान्य करावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलांचा ताल बहुधा बिघडलेला नाही आणि हे त्यांना आधी सांगून टाका, कारण ‘बाई, मी समेवरच (म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच) आले होते’ असे कुरकुरणारी मुलगी खरे बोलत असते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत त्रितालाची एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. आपण नाशिकहून धरलेला ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तिच्यापर्यंत पाव सेकंद उशिरा पोहोचला, तिने त्याच्याशी बिनचूक जुळवून सम घेतली आणि तिचा आवाज परत येताना आणखी पाव सेकंद गेला, तर ती सम आपल्याला दुसऱ्या मात्रेवर ऐकू येते. आपण टोकल्यावर ती बिचारी घाई करू लागते आणि मग मात्र ताल खरोखरच बिघडतो. चांगल्या इंटरनेटने हा उशीर कमी होतो, पण संपत नाही. म्हणून ठेका आणि तानपुरा हे दोन्ही विद्यार्थ्याच्याच खोलीत, दुसऱ्या एखाद्या फोनवरील ॲपवर वाजले पाहिजेत. गाणे आणि ठेका एकाच वाटेने आपल्याकडे येत असल्यामुळे ते कितीही उशिरा आले, तरी एकमेकांशी जुळलेलेच येतात.

तानपुरा नाहीसा होतो, त्याचे कारण वेगळे आहे. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असे समजून कॉलचे ॲप तो गाळून टाकते. लांबवलेला षड्जही कधीकधी त्याच न्यायाने मध्येच बारीक होतो. झूमवर यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय आहे. ती आपल्याकडे आणि मुलांकडे, दोन्ही ठिकाणी सुरू करावी. इअरफोन वायरचे घ्यावेत, कारण ब्लूटूथमुळे उशिरात भरच पडते.

सोबत गाणे मात्र सोडावेच लागेल. आपण एक ओळ गावी, थांबावे, आणि विद्यार्थिनीची ओळ पूर्ण होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. मला स्वतःला पहिले काही महिने हेच सर्वांत जड गेले. ‘निषाद जरा चढा’ असे सवयीने मध्येच म्हटले की तिची तान आणि माझी सूचना दोन्ही तुटत. आता मी कॅमेऱ्यासमोर नुसते बोट वर करते, आणि ते पाहून मुलगी पुढच्या आवर्तनात स्वर सुधारते. तरीही भीमपलास रागातील निषादाला लागणारा षड्जाचा कण (ओझरता स्पर्श) किंवा दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार कॉलवर नीट पारखता येत नाही. त्यासाठी मुलांनी तानपुऱ्यावर तीन-चार मिनिटांचा रियाज ध्वनिमुद्रित करून पाठवावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. असे ध्वनिमुद्रण आपण निवांत, दोनदा ऐकू शकता आणि पुष्कळदा त्यातच खरा दोष सापडतो.

सात-आठ वर्षांखालील मुलांना मात्र मी ऑनलाइन घेणार नाही. त्या वयात स्वर खोलीतूनच कानावर पडावा लागतो, बसणे सुधारावे लागते, पेटीवरची बोटे धरून दाखवावी लागतात. संगीताची मध्यमा परीक्षा झालेली आपली एखादी जुनी विद्यार्थिनी रत्नागिरीत असल्यास ही मुले तिच्याकडे सोपवावीत आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतः तेथे जाऊन सर्वांना ऐकावे. परीक्षेला बसणाऱ्यांनी निदान शेवटचा महिनाभर तबलजीसोबत रियाज केलाच पाहिजे. ॲपचा तबला कोणाला सांभाळून घेत नाही आणि कोणाची परीक्षाही पाहत नाही.

शुल्क कमी करू नये. पालकांना आपला वाचलेला हॉल आणि सतरंजी दिसते, वेळेचा हिशेब दिसत नाही. ही १४ मुले समजा चार-पाचच्या तीन गटांत तीन तासांत होत असतील, तर कॉलवर एका वेळी एकच गळा ऐकू येत असल्यामुळे प्रत्येकाला अर्धा तास दिला तरी सात तास लागतील. दोघांना एकत्र घेता येईल, त्याहून अधिक नाही. हा हिशेब पालकांसमोर कागदावर मांडावा. माझ्या अनुभवात त्यानंतर फारशी घासाघीस होत नाही.

न्यू जर्सीच्या मुलीची वेळ तिच्या घड्याळाने ठरवायची की आपल्या, हे आत्ताच ठरवून घ्यावे. तिकडे नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा साडेनऊ तासांचा फरक साडेदहा तासांचा होतो आणि पहिल्या आठवड्यात दोघींपैकी एक जण हमखास रिकाम्या पडद्यासमोर तानपुरा लावून बसते.