मागणी कोसळली की विमानाचं तिकीट लगेच स्वस्त का होत नाही?

तुम्ही विचारलंय, लोक प्रवासच टाळत असतील तर विमान कंपन्या भाडं का पाडत नाहीत, आणि तुम्ही आणखी थांबावं का. भाडं पडतं हो, पण भाजीवाल्यासारखी पाटी पुसून नवा भाव लिहिला, असं तिथे होत नाही.

इंदूरला राजवाड्याजवळ तिकिटांच्या दुकानात मी बरीच वर्षं काढली. स्क्रीनवर एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या अक्षरांत वाटलेल्या दिसायच्या. प्रत्येक अक्षराचा भाव वेगळा, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे त्या भावात उरलेल्या जागा. ९ म्हणजे नऊ किंवा जास्त. विमान भरत आलं की स्वस्त अक्षरं शून्यावर जातात. मागणी घसरली की कंपनी तीच अक्षरं गुपचूप परत उघडते. रात्री शून्यावर असलेलं अक्षर सकाळी पोहे-जिलबी संपवून बसावं, तर ९ दाखवायचं!

शेवटच्या दोन-तीन दिवसांचा भाव मात्र सहसा हलत नाही. उद्याच जायचंय असा माणूस कोर्टाच्या तारखेला किंवा कुणाच्या आजारपणाला निघालेला असतो, तो मागाल ते देतो. शिवाय काही खुर्च्या रिकाम्या उडाल्या तर चालतं, पण ‘थांबलं की स्वस्त मिळतं’ ही गिऱ्हाइकाला लागलेली सवय कंपनीला परवडत नाही.

खरा इलाज वेगळाच. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात साधारण ४० टक्के इंधनच असतं. विमान उडालंच नाही तर ते वाचतं. भाड्याने घेतलेल्या विमानाचा हप्ता काही चुकत नाही. म्हणून अर्धी रिकामी दोन उड्डाणं असली की एक रद्द करून माणसं दुसऱ्यात भरतात. विमान भरलं की स्वस्त अक्षरं पुन्हा शून्य. स्वस्ताई टिकते ती मागणी पडल्यापासून वेळापत्रक कापेपर्यंत.

२०२० मध्ये तर गंमतच झाली. दोन महिने बंद असलेली देशांतर्गत विमानं २५ मेला सुरू झाली, तेव्हा सरकारने भाड्याला वरची मर्यादा घातली तशी खालचीही घातली. दिल्ली-मुंबई ३,५०० च्या खाली विकायचीच नाही! कंपन्या एकमेकींचे गळे कापून बुडू नयेत, म्हणून. ही बंधनं ऑगस्ट २०२२ च्या शेवटी उठली.

तेव्हा स्वस्त दिसलं की घ्या, पण पोचायची वेळ गळ्याशी आणू नका. आमच्या आत्याबाईंना मी असंच पडत्या भावात पुण्याचं सकाळचं तिकीट काढून दिलं होतं. दोन दिवस आधी ते उड्डाण रद्द, बदली दिलं रात्रीचं, आणि साखरपुडा दुपारी! पैसे पूर्ण परत आले. आत्याबाई रात्रभर बसने गेल्या, आणि अजूनही बोलणी मलाच बसतात.