नवरा पुरेसे कमावत असताना बायकोने स्वतःचा पैसा कशासाठी उभा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पतीचा पगार घराला पुरून उरतो, सासरी पैशावरून कोणी टोमणा मारत नाही, मुलगी दोन वर्षांची आहे म्हणून तुम्ही नोकरी सोडली, तरी तुमची आई ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ असे सतत सांगते, तर जे मागण्याआधीच मिळते त्यासाठी वेगळी कमाई करण्याची खरोखर गरज आहे का? मी तुमच्या आईच्या बाजूची आहे. मात्र नवरा उद्या बदलेल अशी भीती घालून मला ती बाजू मांडायची नाही. बहुतेक नवरे बदलत नाहीत. कंपन्या बंद पडतात, माणसे आजारी पडतात.

नाशिकला सिडको आणि अंबड भागात मी गेली पंधरा वर्षे टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीची, म्हणजे आरडीची, महिला प्रधान एजंट म्हणून काम करते. घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे, कार्डावर नोंद करायची, खात्यांची यादी करून रक्कम पोस्टात भरायची, असे ते काम. ही योजना १९७२ पासून चालू आहे आणि तिची एजन्सी स्त्रियांनाच मिळते. एखाद्या घरात पैसा किती येतो हे मला नीटसे कळत नाही, पण तो बाहेर काढताना सही कोणाची चालते हे उंबऱ्यावर उभ्या उभ्याच कळते.

कारखान्यात जोडणीच्या कामाला जाणारी एक बाई माझ्या यादीत आहे. पगार तिच्याच खात्यात जमा होतो, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते, आणि महिन्याला शंभर रुपयांची आरडी उघडण्यासाठीसुद्धा तिला सासूला विचारावे लागले. याच्या उलट इंदिरानगरमधल्या एका गृहिणीने आयुष्यात कधी पगार घेतला नाही, पण घरातल्या ठेवींच्या मुदती, विम्याचे हप्ते आणि गृहकर्जाची शिल्लक तिला तोंडपाठ होती. पती अचानक गेले तेव्हा कोणता कागद कुठे आहे हे तिला कोणाला विचारावे लागले नाही. म्हणून कमाई म्हणजेच स्वातंत्र्य, असे मी म्हणणार नाही. नुसती सही म्हणजे स्वातंत्र्य, असेही नाही. आमच्या वस्तीत गटाच्या कर्जावर सह्या बायकांच्या असतात, पैसे नवऱ्याच्या रिक्षाला किंवा दिराच्या लग्नाला जातात, आणि वसुलीचा माणूस दारात उभा राहिला की कर्जदार म्हणून नाव बाईचेच पुकारले जाते.

आता माझी गोष्ट सांगते, कारण अवलंबून राहण्याचा खरा हिशोब मला तिथे कळला. माझे माहेर निफाड तालुक्यातले. द्राक्षबाग आणि थोडी गव्हाची जमीन. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच, त्यापूर्वी लग्न न झालेल्या मुलींसाठी, तशी तरतूद होती. माझे लग्न १९९६ चे. म्हणजे हक्क होता आणि तो आहे हे मला माहीतही होते. तरीही वडील गेल्यावर, २००७ मध्ये, मी आणि धाकट्या बहिणीने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. त्याने जबरदस्ती केली नाही. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, हे लहानपणापासून इतक्या वेळा कानावर पडले होते की त्या दिवशी ते कोणी बोलून दाखवण्याची गरजच नव्हती. आम्हा दोघींना साडीचोळी झाली, पुरणपोळीचे जेवण झाले आणि संध्याकाळच्या एसटीने आम्ही परतलो.

दोन वर्षांनी यजमानांची कंपनी बंद पडली. थकलेला पगार थकलेलाच राहिला. भावाने दोन पोती गहू पाठवले, मुलाची एका वर्षाची फीसुद्धा भरली, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आजही कडवटपणा नाही. पण गहू संपत आले की मी फोनवर आधी पाऊसपाण्याची, बागेवरच्या डावणी रोगाची चौकशी करायचे, मग कुठे मूळ विषयाकडे वळायचे. आणि वहिनी शेजारी आहे असे जाणवले तर विषय न काढताच फोन ठेवायचे. ज्या जमिनीत माझा हिस्सा होता, तिथलाच गहू मी उपकार म्हणून घेत होते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही, आणि घेता आले असते तरी मी ते घेतले असते का, याची मला आजही खात्री नाही.

२०१० मध्ये मी अल्पबचतीची एजन्सी घेतली. पहिल्या महिन्यात १८,००० रुपये गोळा झाले आणि ४ टक्क्यांच्या हिशोबाने ७२० रुपये कमिशन बसले. त्यात घर चालणे शक्य नव्हते. तरी त्या महिन्याचे दुधाचे बिल मी कोणालाही फोन न करता भरले, आणि त्यानंतर भावाशी बोलताना पावसाची चौकशी ही फक्त पावसाचीच चौकशी राहिली.

हे माझ्या एकटीचे दुखणे नव्हे. आमच्या जिल्ह्यातल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले होते. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा. राज्य सरकारनेही १९९२ मध्ये त्यासाठी योजना आणली. तरीही द्राक्षाच्या विरळणीला बागेत बायकाच अधिक दिसतात आणि सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावे शोधावी लागतात.

कायद्याचा आधार आहेच, असे तुम्ही म्हणाल. आहे. पत्नीच्या पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदाच सांगतो. त्या ‘शक्यतो’चा अर्थ नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयाच्या आवारात एक दुपार बसले की समजतो. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचेही तसेच आहे: ते बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात याचे मला मोल वाटते, माझ्याकडच्या काही जणींनी त्यातून आरडी उघडली आहे, पण जी रक्कम द्यायची की थांबवायची हे दुसरे कोणी ठरवते, तिच्यावर मुलीच्या शिक्षणाचे गणित मांडू नये.

तुमच्यापुरते सांगायचे तर मुलगी लहान असताना नोकरीसाठी जिवाचे रान करा, असा माझा आग्रह नाही. पण तुमच्या एकटीच्या नावाचे, तुमच्याच सहीने चालणारे एक खाते आजपासून असावे आणि त्यात दरमहा काहीतरी पडावे. पतीने दिलेल्या पैशांवरचे व्याज आयकराच्या हिशोबात त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते, पण त्यामुळे तो पैसा तुमच्या नावावर ठेवण्यास काही बाधा येत नाही. घराची संयुक्त खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीची आहेत का ते पाहा. नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नाव लागले की आपण मालक झालो, हा समज मोडून काढा. ती व्यक्ती साधारणपणे वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते. पती मुदतीचा विमा घेणार असतील तर तो १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेण्यास सांगा, म्हणजे त्यांच्या कर्जदात्यांना त्या रकमेला सहसा हात लावता येत नाही. मात्र हे विमा घेतानाच नमूद करावे लागते. गृहकर्जात सहकर्जदार म्हणून सही करणार असाल तर खरेदीखतावरही आपले नाव आहे ना, हे आधी वाचा. आणि मुलगी शाळेत जाऊ लागली की कमाईची वाट शोधा, मग ती माझ्या पहिल्या ७२० रुपयांइतकी असली तरी चालेल.

हे सगळे विचारले तर पती दुखावतील का, ही शंकाही तुम्ही शेवटी लिहिली आहे. माझे यजमान दुखावले होते, साधारण आठवडाभर. मग एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या खात्यांचे, पॉलिसींचे आणि कर्जाचे तपशील एका दोनशे पानी वहीत माझ्या अक्षरात उतरवले. ती वही देवघराखालच्या कप्प्यात असते. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहून ती काढली आणि माझ्या खात्यांची पाने कोरी का आहेत, असे मला विचारले.