पाळकाला परदेशी मिशनकार्याचं आयुष्यभराचं पाचारण आहे असं वाटत असेल, तर मंडळीने काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचे पाळक ३६ वर्षांचे आहेत, पत्नी आणि दोन मुलं आहेत. परदेशात आयुष्यभर सुवार्ताकार्य करण्यासाठी देवाने आपल्याला पाचारण केलंय, असं ते म्हणतात. मी मंडळीच्या कमिटीत आहे. आम्ही काय पाहावं, काय करावं?"

पाचारण खरं की नाही, हे इथे बसून कोणी सांगू शकत नाही. ते तपासायची रीत मात्र जुनी आहे. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि शौल यांना अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून पाठवलं. ते दोघे तिथे आधीपासून शिकवत होते, मंडळी त्यांना रोज पाहत होती. म्हणून पाळकांना पहिला प्रश्न "कोणत्या देशात?" हा विचारू नका. "तुम्ही सांगायच्या आधी हे आणखी कोणाच्या लक्षात आलं होतं?" असं विचारा. इथे परभाषिक वस्तीत, वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या साइटवर त्यांनी दोन वर्षं नेटाने काम केलेलं नसेल, तर विमानात बसल्याने ते अंगात येणार नाही.

"आयुष्यभर" या शब्दाचं पुढे काय होतं, ते आपल्याकडच्याच इतिहासात दिसतं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम इथे पाच तरुणांना हस्तार्पण करून हिंदुस्थानकडे पाठवलं गेलं: जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस. पाचही जण कायमचे म्हणून निघाले होते. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट त्याच वर्षी मॉरिशसमध्ये वारली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. न्यूएल स्वतः पुढे मुंबईत आले आणि १८२१ मध्ये वारले. नॉट आजारी पडून १८१५ मध्येच मुंबईहून परतले. राइस निधी उभारायला म्हणून मायदेशी गेले, ते पुन्हा मिशनक्षेत्रात आलेच नाहीत. हॉल यांनी मुंबईत तेरा वर्षं काढली. नाशिककडे फिरतीवर असताना कॉलरा होऊन २० मार्च १८२६ रोजी ते वारले, वय ४१. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला. जडसन ब्रह्मदेशात राहिले, ३३ वर्षांनी एकदाच घरी गेले आणि १८५० मध्ये समुद्रप्रवासात वारले.

यातलं कोणाचं पाचारण खोटं होतं, असं मला वाटत नाही. प्रकृती, मतभेद, पैसा या तीन गोष्टींनी प्रत्येकाची वाट वेगळी केली. तुम्हाला तपासायच्या आहेत त्याही याच.

मतभेद आधी घेतो, कारण ते निघण्यापूर्वी मिटवता येतात. जडसन काँग्रिगेशनल या बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या मंडळाच्या पैशावर निघाले. प्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करता करता त्यांचं मत बदललं आणि कलकत्त्यात पोचल्यावर त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाठवणाऱ्या संस्थेशी संबंध तुटला आणि खर्चाची सोय गेली. राइस परतले ते याचसाठी, नवा आधार शोधायला. आजही हेच होतं. सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) पाळक एखाद्या पेंटेकॉस्टल संस्थेमार्फत जातो आणि वर्ष-दोन वर्षांत बालकांच्या बाप्तिस्म्यावरून खटका उडतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, स्त्रियांचं पाळकपद आणि तिथल्या पंथांशी संबंध, या चार मुद्द्यांवर दोन्ही बाजूंची भूमिका लिहून सह्या घ्या. डायोसिसचा, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताचा, पाळक असेल तर बिशपांची लेखी परवानगी लागेल. परतल्यावर त्यांना पद मिळणार की नाही, हेही त्याच पत्रात यायला हवं.

पत्नीशी वेगळं बोला, नवरा खोलीत नसताना. जडसन यांनी लग्नाआधी आपल्या होणाऱ्या पत्नीच्या, ॲन हॅसेल्टाइनच्या, वडिलांना लिहिलेल्या पत्रात मुलगी या जगात पुन्हा दिसणार नाही, हे मान्य आहे का, असं स्पष्ट विचारलं होतं. इतकं रोखठोक आपल्याकडे कोणी विचारत नाही. "यांचं पाचारण तेच माझं" एवढंच उत्तर आलं, तर वर्षभर थांबा. मुलांची शाळा कोणत्या माध्यमात, दहावी कुठून, गावाकडे सासू-सासऱ्यांकडे कोण पाहणार, याची उत्तरं तिच्या तोंडून यायला हवीत.

आता पैसा. इथे मंडळ्या सर्वात जास्त फसतात. महिन्याच्या खर्चाच्या यादीत घरभाडं आणि किराणा सगळेच लिहितात. व्हिसा नूतनीकरणाची फी, आरोग्यविमा, मुलांची फी, दोन-तीन वर्षांतून एकदा सगळ्यांची परतीची तिकिटं आणि म्हातारपणाची तरतूद हे राहून जातं. वचनं तोंडी घेऊ नका. पूर्ण मासिक रक्कम लेखी कबूल झाल्यावर आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडल्यावरच तिकीट काढा. मिझोरमच्या मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून मिशनसाठी देण्याची पद्धत आहे. असा थोडा थोडा पण रोजचा आधार एका मोठ्या देणगीदारापेक्षा भरवशाचा.

पैसे तिकडे पोचवायचे कसे, हे चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारा. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, ट्रस्टला ती योजना लागू नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं, तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाशिवाय त्या रकमेवर करसवलत सहसा मिळत नाही. ट्रस्टच्या खात्यातून सरळ पाठवू, असं कमिटीत कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

व्हिसाच्या बाबतीत एकच नियम: ज्या कामासाठी जाताय, त्याच कामाचा व्हिसा. पर्यटक व्हिसावर उपदेश करायचा नाही. नेपाळचं उदाहरण घ्या. भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ जण आधी तिकडेच पाहतात. पण तिथल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आखातात चर्चसाठी नेमून दिलेल्या जागेत आपल्या लोकांची उपासना चालवणं वेगळं आणि स्थानिकांत सुवार्ता सांगणं वेगळं. पहिल्यासाठी काही देशांत वाट आहे, दुसऱ्यासाठी तुरुंग. ज्यांचं पाचारण पहिल्या प्रकारात बसतं, त्यांनी ते कमी दर्जाचं समजू नये.

कागदपत्रांना तीन-चार महिने धरा. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, पदव्यांचं राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र) किंवा त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का. पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं नाव एकीकडे आणि शाळेतलं दुसरीकडे, ही आपल्या लोकांची नेहमीची अडचण. राजपत्रात नाव बदलून घ्यायचं तर ते सगळ्यात आधी. आफ्रिकेतल्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशात जायचं असेल तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी.

भाषेला वेळ द्यायला मंडळ्या सर्वात नाखूश असतात, कारण त्या काळात अहवालात लिहायला काही नसतं. जडसन जुलै १८१३ मध्ये रंगूनला पोचले आणि पहिला बाप्तिस्मा जून १८१९ मध्ये झाला. मधली सहा वर्षं मुख्यतः भाषेत गेली. बर्मी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्या मोडीसारखंच, शब्द कुठे संपला ते भाषा येत असेल तरच कळतं. संपूर्ण बायबलचं भाषांतर हातावेगळं व्हायला १८३४ उजाडलं. म्हणून पहिलं पूर्ण वर्ष फक्त भाषेसाठी ठेवा. पगारी स्थानिक शिक्षक, रोज चार तास, दुपारी बाजारात बोलणं, आणि उपदेश अजिबात नाही. दुभाष्या घेऊन उपदेश सुरू केला की भाषा शिकणं तिथेच थांबतं. दुभाष्या काय गाळतो नि काय पदरचं घालतो, हेही कळत नाही. पाळकांना पोहोचल्या पोहोचल्या व्यासपीठ हवं असेल, तर मला ती काळजीची खूण वाटते.

हे सगळं जुळलं तरी पहिल्यांदा आयुष्यभरासाठी पाठवू नका. तीन वर्षांचा करार करा आणि अठरा महिन्यांनी कमिटीतल्या दोघांनी, त्यात एक बाई असू द्या, तिकडे जाऊन आठवडाभर त्यांच्या घरी राहून या. व्हिडिओ कॉलवर सगळेच ठणठणीत दिसतात.