सुतारकाम करताना कोणता मास्क घालावा? घरातले एन९५ चालतील का?

तुमचा प्रश्न असा आहे : गच्चीवरच्या खोलीत छंद म्हणून सुतारकाम करता, सागाच्या फळ्या आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेले बोर्ड) कापता-घासता, शेवटचं पॉलिशही स्वतःच मारता. कोविडच्या वेळचे एन९५ घरात पडून आहेत, ते वापरावेत की कार्ट्रिजवाला, म्हणजे वायू शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला, रबरी मास्क घ्यावा?

भुशासाठी एन९५ चालतो, पण तो खरा असला आणि चेहऱ्याला चिकटून बसला तरच. पॉलिशच्या वासासाठी मात्र त्याचा शून्य उपयोग. भुसा म्हणजे कण आणि थिनरचा वास म्हणजे वायू. कण जाळीत अडकतात, वायू त्याच जाळीतून सरळ नाकात जातो. दुकानात ‘डबल फिल्टर आहे साहेब, सगळ्याला चालतो’ असं सांगतील, तिथे मान डोलवू नका.

माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे हे रोजचं आहे. आधी भुशाचं बोलू, कारण लोक वासाला घाबरतात आणि भुशाला घाबरत नाहीत. खरं तर उलट व्हायला हवं. थिनर निदान नाकाला झोंबून सांगतो तरी.

रंध्याच्या सालपटांनी काही होत नाही, ती पायाशी पडतात. करवतीचा जाड भुसाही बराचसा खाली बसतो. त्रास देते ती सँडरखालची, म्हणजे घासायच्या यंत्राखालची, भुकटी. एमडीएफची तर पिठापेक्षा बारीक, आणि त्यात यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद मिसळलेला. सँडर बंद केल्यावर खोली स्वच्छ दिसते. तेव्हा लाइट घालवा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि त्याच्या झोताकडे बाजूने बघा. हवेत काय तरंगतंय ते दिसेल, आणि त्यातले सगळ्यात बारीक कण तर तेव्हाही दिसणार नाहीत. तेच तासन्‌तास तरंगत राहतात आणि तेच फुप्फुसात खोल जातात. म्हणून काम संपलं की मास्क लगेच काढायचा नसतो. आमच्याकडे येणारे कारागीर नेमकं हेच करतात : सँडिंग होईपर्यंत तोंडाला रुमाल, मग रुमाल सोडून त्याच धुळीत बसून चहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाची धूळ १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकली. माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा तो गट. मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा. तंबाखूही त्याच गटात आहे. पण गट एक म्हणजे धोका तेवढाच असा अर्थ होत नाही, पुरावा तेवढाच पक्का, एवढाच होतो. तुम्ही शनिवार-रविवारचे सुतार, तीस वर्षं रोज आठ तास भुशात उभ्या राहणाऱ्या मिस्त्रींइतकी जोखीम तुमची नाही. पण हार्डवुडच्या धुळीची मर्यादा युरोपात २०२३ पासून एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे, आणि बंद खोलीत सँडर लावला तर ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. शिवाय साग आणि शिसव दोन्ही अ‍ॅलर्जीसाठी प्रसिद्ध. काहींना कातडीवर पुरळ उठतं, काहींचं नाक वाहायला लागतं. सागाच्या कामानंतर दर वेळी शिंका येत असतील तर ‘धुळीची सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

आता घरात पडलेल्या मास्कांकडे या. पट्टे कानात अडकवायचे असतील तर ते बाजूला ठेवा. कानातल्या पट्ट्याने मास्क चेहऱ्यावर पुरेसा दाबला जात नाही. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मान्यता असलेल्या एन९५ ला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात आणि मास्कवरच ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडचं मानक आयएस ९४७३. त्यात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे वर्ग आहेत आणि पहिले दोन अनुक्रमे निदान ८० आणि ९४ टक्के कण अडवतात, तिसरा त्याहून जास्त. आयएसआय खूण असेल तर तिच्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, जरूर करा. कोविडमध्ये मेडिकलवाल्यांकडे एन९५ म्हणून काय काय विकलं गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मास्क धुतलेले असतील तर तेही बाद. या मास्कचं कापड बारीक चाळणीसारखं काम करत नाही. त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि कण त्याला खेचले जाऊन चिकटतात. साबणाचं पाणी लागलं किंवा स्पिरिट मारलं की तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, श्वास उलट जास्त मोकळा वाटतो, आणि अडवतो फारच कमी. कॉम्प्रेसरच्या हवेने भुसा उडवून मास्क ‘साफ’ करणारेही पाहिलेत, त्यात कापडच फाटतं. श्वास ओढायला जड जाऊ लागला की मास्क टाकून द्यायचा. वर्कशॉपसाठी पुढे झडप असलेला घ्या. कोविडमध्ये झडपेला नावं ठेवली गेली ती बाहेर पडणाऱ्या श्वासामुळे. भुशापासून तुमचं रक्षण करण्यात झडपेने काही उणं पडत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आतला घाम निम्मा तरी वाचतो.

आकड्यांच्या मागे मात्र फार लागू नका. पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के कण अडवतो, एन९५ निदान ९५ टक्के. वाचून वाटतं की पी१०० किती तरी पट सुरक्षित. पण अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत नाक-तोंड झाकणाऱ्या अर्ध्या मास्कला, फिल्टर कोणताही असो, संरक्षणाचा गुणांक १०च धरतात. म्हणजे बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा आत येणार हे गृहीतच. कारण गळती फिल्टरमधून होत नाही, कडेने होते. नाकाच्या बाजूने, हनुवटीखालून, आणि सगळ्यात जास्त दाढीतून.

दाढी असेल तर स्पष्टच सांगतो, कुठलाही घट्ट बसणारा मास्क तुमच्या कामाचा नाही. दोन दिवसांची खुंटंसुद्धा सील तोडतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर चालते. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने गाळलेली हवा सैल टोपात सोडणारं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून बहुतेक लोक वस्तरा काढतात.

सील बसली की नाही हे बघायला दर वेळी अर्धं मिनिट द्या. रबरी मास्क असेल तर दोन्ही फिल्टर तळहातांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे खेचला जाऊन तसाच राहिला पाहिजे. मग पुढची झडप झाकून हलकेच श्वास सोडा, कडेने हवा निसटता कामा नये. चष्मा धुरकटत असेल तर समजा, नाकापाशी गळतंय.

आता पॉलिश. इथे कोणतं पॉलिश यावर सगळं अवलंबून आहे.

स्पिरिटमधलं लाखेचं फ्रेंच पॉलिश फडक्याने, खिडक्या उघड्या ठेवून लावत असाल तर मास्कपेक्षा वारा महत्त्वाचा. स्पिरिटमध्ये मिथेनॉल असेल तर कार्ट्रिजमधला कोळसा ते नीट धरून ठेवत नाही, म्हणून तिथे कार्ट्रिजच्या भरवशावर दारं लावून बसू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर, लॅकर, थिनर, टर्पेंटाइन आणि सनमायका चिकटवायचा रबरी अ‍ॅडहेसिव्ह यांना सेंद्रिय वायूंचं कार्ट्रिज लागतं. अमेरिकन पद्धतीत त्याची पट्टी काळी असते, युरोपियन पद्धतीत तपकिरी आणि वर ‘ए’ अक्षर. पांढऱ्या फेविकॉलला काहीच नको, तो पाण्यातला आहे.

मेलामाइन पॉलिश सुकताना फॉर्माल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. साधं सेंद्रिय वायूंचं कार्ट्रिज त्याला पुरत नाही, त्यावर फॉर्माल्डिहाइडचा उल्लेख असायला हवा. थ्रीएमच्या ६००० मालिकेत ते ६००५. आणि अर्धा मास्क डोळे झाकत नाही, तेव्हा गॉगल वेगळा.

दोन डब्यांच्या पीयूबद्दल, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन पॉलिशबद्दल, मात्र माझं मत ठाम आहे : घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्याशा मात्रेनेही दमा उसळतो, आणि ते सहसा परत सुधारत नाही. त्याचा वास येईपर्यंत हवेतली मात्रा मर्यादेच्या वर गेलेली असते. म्हणजे ‘वास आला की कार्ट्रिज बदलू’ हा नेहमीचा हिशोब इथे लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये अशा स्प्रेसाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. आपल्याकडे फ्लॅटमध्ये माणसं राहत असताना, पॉलिशवाल्याच्या तोंडाला दस्ती बांधलेली आणि बाजूच्या खोलीत मूल झोपलेलं, अशी कामं चालतात. तुम्हाला पीयूचीच चकाकी हवी असेल तर पाण्यातलं एका डब्याचं ब्रशने मारा, नाहीतर तो पीस स्प्रे बूथ असलेल्या माणसाकडे द्या.

मग घ्यायचं काय? तुमच्या कामाला मी एक रबरी अर्धा मास्क आणि दोन प्रकारचे फिल्टर सुचवेन. थ्रीएमची ६००० मालिका सहज मिळते : ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. सँडिंगला २०९१ हे चपटे गुलाबी-जांभळे पी१०० फिल्टर. हलके असतात आणि खाली बघताना आड येत नाहीत. पॉलिशला ६००१ कार्ट्रिज. पण नुसतं ६००१ धूळ किंवा फवारा अडवत नाही. स्प्रे गन वापरणार असाल तर त्यावर ५एन११ ची चकती आणि ती धरून ठेवणारं ५०१ झाकण हवं. तेलकट फवाऱ्याला मात्र या चकतीसारखा एन वर्ग चालत नाही, त्याला पी वर्ग लागतो, मग कार्ट्रिज आणि पी१०० दोन्ही एकत्र असलेलं ६०९२१ सरळ पडतं. सगळं मिळून दोन-तीन हजारांच्या घरात जातं, दुकानागणिक फरक पडतो. या मालिकेच्या नकला ऑनलाइन भरपूर आहेत, सगळं सामान हजाराच्या आत मिळत असेल तर शंका घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात सुरक्षा सामानाच्या दुकानात जाऊन मास्क तोंडाला लावून बघता आला तर सगळ्यात उत्तम. बहुतेक पुरुष मोठा मागतात आणि बसतो मध्यम.

कार्ट्रिज टेबलावर उघडं ठेवू नका. कोळसा तुम्ही नसतानाही हवेतलं शोषत राहतो, आणि पावसाळ्यात दमटपणाने त्याची ताकद आणखी घटते. काम झालं की झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद, वर मार्करने उघडल्याची तारीख. मास्कच्या आत थिनरचा वास किंवा जिभेवर चव आली की त्या कार्ट्रिजचं आयुष्य संपलं, पाकिटावरची तारीख काहीही म्हणो.

आणि बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडा. धूळ हवेत आलीच नाही तर मास्कवरचा भार आपोआप उतरतो. झाडू मारू नका, खाली बसलेलं सगळं पुन्हा वर येतं. व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या फडक्याने पुसा, तेही मास्क घालूनच. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर रबरी मास्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातून श्वास ओढायला थोडा जोर लागतो.