रसाच्या चरकात हात अडकला तर चाक उलटं फिरवून काढावा का?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या रसवंतीवर कुणाचा हात चरकात गेला तर चाक उलटं फिरवून काढता येईल का, की अग्निशमनवाल्यांची वाट बघायची. माझं गोव्यात डिचोलीला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. चरक, ग्राइंडर, खिम्याची मशिनं, सगळं दुरुस्तीला येतं. असा हात सोडवायलाही दोनदा मलाच नेलंय. उलटं फिरवू नका. ज्या फटीतून हात चिरडत आत गेला, तिच्यातूनच तो पुन्हा चिरडत बाहेर येतो.

पहिली खेप जत्रेतली. सोळा-सतरा वर्षांचा पोर, उजवा हात मनगटापर्यंत रुळांत. मी पोचलो तेव्हा घुंगरू गप्प होते, एक जण त्याला कंबरेला धरून मागे ओढत होता आणि दुसरा चाकाला झोंबत होता. मोटार बंद होती, पण ती कुणी बंद केली हे कुणालाच सांगता येईना. कुणीच केली नव्हती! लायट गेली होती, बटण चालूच होतं. मे महिन्यातली संध्याकाळ, गडगडाट चालू. आपल्याकडची लायट कधी परत येईल याचा काय नेम? मी प्लग उपसून खिशात घातला, मग पट्टा उतरवला. प्लग खिशातच ठेवायचा, नाहीतर कुणीतरी शहाणा तो पुन्हा लावतो.

वरच्या रुळाला दोन्ही टोकांना दाबून धरणारे बोल्ट असतात, ते सैल केले की रूळ उचलता येतो. पण एकच पूर्ण सोडलात तर रूळ तिरका होऊन हात दुसऱ्या बाजूला अधिकच दाबला जातो. अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे, असंच जायचं. तिथं तर रस आट्यांत सुकून दगड झाला होता, पाना घसरत होता. तेल कशाला, ती साखरच! शेजारच्या चहावाल्याकडून गरम पाणी घेतलं, पोराचा हात सांभाळून फक्त बोल्टांवर ओतलं, मग हलले.

पोराला आधीच स्टुलावर बसवून कोपराखाली उशी दिली होती. उभ्याउभ्या घेरी आली असती तर अंगाचा सगळा भार त्या हातावर आला असता. दाब सुटताच रक्त उसळतं, म्हणून स्वच्छ पंचा तयार ठेवला आणि हात बाहेर येताच घट्ट दाबून धरला. एक बाई मायेने रसाचा पेला घेऊन आली, तिला थांबवलं. पुढे भूल द्यायची असते, पोटात काही नको. हळद, कॉफीची पूडही जखमेत नको.

१०१ आणि १०८ला फोन मात्र पहिल्याच मिनिटाला, दुसऱ्या कुणीतरी लावायचा. बोल्ट हलतच नसतील तर कापण्याचं काम अग्निशमनवाल्यांचं. कटरने लोखंड तापतं आणि ती धग हातापर्यंत जाते, त्यामुळे पाणी मारत मारतच कापावं लागतं.

खिम्याच्या मशिनचं वेगळं. तिथं आतला स्क्रू मांसात रुतलेला असतो, आपण काही सोडवायचं नाही. प्लग काढून पुढचं तोंड मोटरीपासून वेगळं करायचं आणि हातासकट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यायचं. भूल देऊन ते काढतात. दुसऱ्या खेपेला मी एवढंच केलं, पाच मिनिटांत काम झालं. बोट तुटून पडलंच तर ओल्या स्वच्छ फडक्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फात टाकलेलं बोट खराब होतं.

तुमच्या शेजाऱ्याला सांगा, त्या बोल्टांना बसणारा पाना चरकाच्याच पायाला दोरीने बांधून ठेव. जत्रेत माझा निम्मा वेळ मापाचा पाना शोधण्यात गेला.