तीन फुटी टँकमध्ये आफ्रिकन सिक्लिड ठेवायचे तर मारामारी कशी कमी करावी?

थोडक्यात तुमची अडचण अशी: टँक 3 फूट × सव्वा फूट × सव्वा फूट. 'मिक्स आफ्रिकन' म्हणून, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावीसारख्या तलावांतल्या सिक्लिड माशांच्या मिसळलेल्या जातींची, आठ पिल्लं आणलीत, काही महिन्यांत तीन उरली आणि त्यातला एक काळपट, निळ्या पट्ट्याचा नर बाकीच्या दोघांना फिल्टरमागून बाहेर पडू देत नाही. दुकानदार म्हणतोय, अजून सहा-सात टाका, मार वाटला जाईल.

टाकू नका. गर्दीचा हा सल्ला अगदीच खोटा नाही, पण तो पाच-सहा फुटांच्या आणि दणकट फिल्टर असलेल्या टँकसाठी आहे. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू धरून जेमतेम शंभर-एकशे दहा लिटर पाणी बसतं. मार वाटला जाण्याइतकी गर्दी होण्याआधीच पाणी खराब होईल. शिवाय या माशांना लागणाऱ्या जास्त पीएचच्या (अल्कधर्मी) पाण्यात माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणजे चुकीला माफी कमीच.

तो काळा नर लहानपणी सोनेरी पिवळा, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेला होता का? असेल तर तो बहुधा ऑरॅटस. मलावी तलावातल्या सगळ्यात भांडकुदळ माशांपैकी एक, आणि पिल्लू इतकं देखणं असतं की मिक्सच्या टँकमध्ये हमखास दिसतं. दुसरा तसाच केन्यी. त्याची पिल्लं आणि माद्या निळसर, मोठा नर पिवळा. हे दोन्ही तीन फुटांत नकोतच. पीकॉक नावाचा सिक्लिडही नको. तो तुलनेने सौम्य असतो, पण वाढतो बराच.

मुळात हे मासे भांडतात कशासाठी? मलावीच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या या माशांना, म्हणजे एम्बुनांना, दगडावरचं शेवाळ खायला लागतं आणि नराला मादीला बोलवायला एक कपार लागते. तेवढ्या जागेसाठी तो जीव तोडून भांडतो. तलावात हरलेला मासा थोडा लांब गेला की विषय संपला. टँकमध्ये तो पळतो आणि समोरच्या काचेशी अडतो. जिंकलेल्या नराच्या दृष्टीने शत्रू अजून हद्दीतच उभा आहे, म्हणून तो परत धावतो. दिवसभर हेच. त्यात राग सगळ्यात जास्त निघतो तो आपल्यासारखाच रंग आणि पट्टे असलेल्यावर. मिक्समध्ये निळे पट्टेवाले दोन-तीन नर असणारच, मग काय होणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तीन फुटांत एकच जात ठेवा. लोकांना हे पटत नाही, कारण रंग हवे असतात. पण सौलोसी नावाचा मासा एकाच जातीत दोन रंग देतो. पिल्लं आणि माद्या पिवळ्याजर्द, मोठा नर निळा आणि त्यावर काळे उभे पट्टे. वाढतो साधारण तीन इंच. मूळचा मलावीतल्या चिझुमुलू बेटाजवळच्या एका लहानशा रीफचा, म्हणजे पाण्याखालच्या खडकाचा. तिथे त्याची संख्या आता फार घटली आहे, त्यामुळे टँकमध्येच पैदास झालेली पिल्लं घ्या.

दहा-बारा पिल्लं एकदम आणा. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, सगळी पिवळीच. पुढे ज्यांना निळसर-काळपट छटा येऊ लागेल ते नर. त्यातला एक ठेवा, बाकीचे परत द्या. दबलेला दुसरा नर महिनोन्‌महिने पिवळाच राहून मादीसारखा दिसू शकतो, तेव्हा नंतरही लक्ष ठेवा. शेवटी एक नर आणि पाच-सहा माद्या उरल्या पाहिजेत. हे प्रमाण नरासाठी नाही, माद्यांसाठी आहे. एक-दोनच माद्या असल्या तर तो त्यांच्या मागे लागून त्यांना संपवतो. मादी अंडी तोंडात घेऊन साधारण तीन आठवडे जवळजवळ उपाशी असते. त्या काळात तिला लपायला जागा लागतेच.

यात शांत म्हणून येलो लॅब ही मलावीचीच दुसरी जात घालायचा मोह होईल. तीही पिवळी, यांच्या माद्याही पिवळ्या, आणि संकर होऊ शकतो. नकोच.

दगड रचताना ते थेट तळावर ठेवा, तळाशी पातळ थर्मोकोल असला तर उत्तम, आणि वाळू मागाहून घाला. हे मासे खणतात. वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काच गेली तर भांडणाचा प्रश्न कायमचाच मिटेल! साधा काळा दगड चालतो. भोकं आरपार ठेवा, आत जायला एक आणि बाहेर यायला दुसरं. एकच मोठा डोंगर केलात तर एकच राजा होतो. दोन-तीन वेगळे ढीग करा, एकावरून दुसरा दिसणार नाही असे.

पाण्याचं थोडक्यात. या माशांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागतं. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी मऊ असतं, म्हणून फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घाला. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी मुळातच जड असतं. तापमान 25 अंशांच्या आसपास बरं. उन्हाळ्यात पाणी 30 च्या वर गेलं की मासे जास्त चिडखोर होतात, तेव्हा झाकण काढून जाळी लावा आणि वर पंखा सोडा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. खायला स्पिरुलिनाचं (शेवाळाचं) खाद्य, थोडं थोडं. ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म या किडे-अळ्या यांना नकोत, पोट फुगून मरू शकतात.

रंगापेक्षा वागणं बघायला आवडत असेल तर टांगानिका या दुसऱ्या आफ्रिकी तलावातले, शंखात राहणारे 'मल्टी' मासे घ्या. नर दोन इंचांच्या आत, मादी त्याहून लहान. दोन इंच बारीक वाळू, तीस-एक रिकामे शंख आणि सात-आठ मासे. भातशेतातल्या गोगलगायीचे शंख उकळून घेतले तरी चालतात, फक्त तोंड मासा आत शिरेल एवढं हवं. त्यांचीही भांडणं होतात, पण हद्द शंखाभोवती काही इंचांची, त्यामुळे कोणी सहसा मरत नाही. पिल्लं आईबापांजवळच वाढतात. या टँकमध्ये ब्रिचार्डी हा टांगानिकाचाच दुसरा मासा मात्र घालू नका. जोडी जमली की ती अख्खा टँक घेते.

आता उरलेल्या तिघांचं. काळ्या नराला आजच वेगळा करा, निदान बादलीत एअर स्टोन लावून, वर जाळी टाकून, आणि एक-दोन दिवसांत परत द्या. बाकीचे दोघे पंख भरून येईपर्यंत राहू देत, मग त्यांनाही मोठ्या टँकवाल्याला द्या. विहिरीत किंवा तलावात सोडू नका. ते गेले की दगडांची मांडणी पूर्ण बदला, फिल्टर चालूच ठेवा, आणि त्याच आठवड्यात सौलोसी आणा, म्हणजे फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू उपाशी मरणार नाहीत. दुकानदाराकडे दहा नग एकदम नसतील तर तोवर या दोघांनाच टँकमध्ये ठेवा, पण सौलोसी दोन-दोन करून आणू नका. आधी आलेले नंतरच्यांना जागा देणार नाहीत.