प्रिपोझिशन पाठ करताना

प्रिपोझिशनचे तक्ते घोकत बसू नकोस. शब्द शिकतानाच त्याचं शेपूटही उचल: ‘अँग्री विथ’, ‘मॅरीड टू’, ‘गुड ॲट’. आपण ‘त्याच्यावर’ रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन हिम’ तोंडात येतं आणि तिथेच गुण जातात. ‘डिस्कस’ला तर काहीच लागत नाही, ‘डिस्कस द प्लॅन’, बस्स. तरी ‘अबाउट’ चिकटवणारे ऑफिसात ढिगाने सापडतील.

दोघांत ‘ईच अदर’, अनेकांत ‘वन अनदर’ हा शाळेतला नियम. चांगले लेखक तो सर्रास मोडतात. परीक्षेत मात्र मुकाट्याने पाळ. खरी गडबड वेगळीच: ‘दे टॉक्ड टू ईच अदर’मधला ‘टू’ गाळला जातो, कारण ‘एकमेकांशी’मध्ये ‘शी’ आधीच जोडलेला असतो. आणि ‘ईच अदर्स’ लिहिताना ॲपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी.